‘इगोरोत’ म्हणजे नेमकं कोण? एक जुना निबंध पुन्हा वाचताना

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं: ‘इगोरोत ही फिलिपिन्सच्या उत्तर लुझोन भागातील एक आदिवासी जमात आहे.’ मला ते अगदी निरुपद्रवी वाटत होतं. कुठल्याही प्रबंधाची सुरुवात अशीच होते ना, अमुक ही तमुक ठिकाणची एक जमात आहे. मॅडमनी सिनॉप्सिस परत दिला तेव्हा ‘एक’ आणि ‘जमात’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलने गोल केले होते आणि समासात लिहिलं होतं, ‘हे कोण म्हणतं? ते स्वतः म्हणतात का?’ बाकीच्या पानांवर एकही खूण नव्हती. म्हणजे पुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दोन गोलांमुळे मी पुढचे दोन महिने जे वाचत बसले, त्यातला एक निबंध आज तुमच्यासमोर ठेवतेय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा नुकतेच कोर्सवर्कला बसलाय. तुमचा विषय फिलिपिन्सच्या आसपासही नसेल. तरी वाचा, कारण प्रत्येकाच्या सिनॉप्सिसमध्ये माझ्यासारखं एक वाक्य असतंच.

निबंधाचं नाव ‘द वर्ड इगोरोत’. लेखक विल्यम हेन्री स्कॉट. १९६२ साली मनिलाच्या ‘फिलिपाइन स्टडीज’ या नियतकालिकात तो आला. स्कॉट मूळचा अमेरिकन, एपिस्कोपल चर्चच्या मिशनबरोबर आलेला, पण पाद्री नव्हे. उत्तर लुझोनच्या डोंगरात सागादा नावाचं गाव आहे, तिथे त्याने शिकवलं आणि आयुष्याचा मोठा भाग तिथेच काढला. १९७२ मध्ये मार्कोसचा लष्करी कायदा आला तेव्हा त्याला अटकही झाली होती. १९९३ मध्ये तो वारला आणि सागादातच पुरला गेला. एवढं सांगण्याचं कारण म्हणजे हा निबंध लांबून कुणीतरी लिहिलेला नाही. ज्यांच्या नावाबद्दल तो लिहितोय, त्यांची मुलं त्याच्या वर्गात बसत होती.

निबंधाला निमित्त झालं एक विधेयक. जानेवारी १९५८ मध्ये माउंटन प्रॉव्हिन्सचे लोकप्रतिनिधी लुईस होरा यांनी फिलिपिन्सच्या प्रतिनिधिगृहात विधेयक क्रमांक १४४१ मांडलं. मागणी सरळ होती: कायदे, पुस्तकं आणि इतर छापील मजकुरात ‘मोरो’ आणि ‘इगोरोत’ हे शब्द वापरायला बंदी करा. त्याऐवजी ‘मुस्लिम’ आणि ‘हायलँडर’, म्हणजे डोंगरवासी, असं लिहा. लक्षात घ्या, हे मागणारा माणूस डोंगराचाच प्रतिनिधी होता. ज्या शब्दाला मी सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त ‘जमातीचं नाव’ म्हणून मोकळी झाले होते, तो शब्द छापूच नका अशी मागणी त्याच डोंगरातून आली होती!

स्कॉट यावर काय करतो? तो शब्द उघडून बघतो. ‘गोलोत’ म्हणजे डोंगररांग, आणि आधी लागणारा ‘इ’ म्हणजे ‘तिथला माणूस’. हा ‘इ’ आपल्या ‘कर’सारखा आहे बघा. नाशिककर, सांगलीकर, तसा इ-सागादा म्हणजे सागादाकर. त्या हिशोबाने इगोरोत म्हणजे ‘डोंगरकर’. जुन्या स्पॅनिश कागदांत शब्द ‘ल’ने येतो, ‘र’ नंतर आला. म्हणजे शब्द परक्यांनी घडवलेला नाही, बेटांवरच्याच भाषांतला आहे, आणि मुळात त्यात शिवी नाही. स्कॉटचा गाभ्याचा मुद्दा हा.

इथे थांबून एक गंमत बघा. होरांना हवा असलेला ‘हायलँडर’ म्हणजे उंचावरचा माणूस. आज त्या सगळ्या प्रदेशाचं अधिकृत नाव ‘कॉर्डिलेरा’ आहे, आणि तो स्पॅनिश शब्दही डोंगररांगेसाठीचाच. म्हणजे ‘इगोरोत’, ‘हायलँडर’ आणि ‘कॉर्डिलेरन’ यांचा कोशातला अर्थ जवळजवळ एकच आहे. एक शब्द बंद करा म्हणून विधेयक येतं, दुसरा सुचवला जातो आणि तिसरा सरकारी पाटीवर लागतो. मग भांडण अर्थाचं नव्हतंच की!

आणि इथेच मला स्कॉटचा निबंध अपुरा वाटायला लागला. व्युत्पत्ती सांगून अपमान मिटत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा. व्युत्पत्ती स्वच्छ, डोंगराची, कुणालाही न दुखावणारी. पण मुंबईत हा शब्द ज्याच्या तोंडावर फेकला गेलाय, त्याला जाऊन सांगा की अहो, याचा मूळ अर्थ फक्त घाटावरचा असा आहे. तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. शब्दाचा अर्थ कोशात असतो तेवढाच तो कोण, कुणाला, कुठे उभं राहून म्हणतंय यातही असतो. (घाटीची तुलना इथेच सोडून देऊ, पुढे ताणली तर तुटेल. घाटावरच्यांना कुणी प्रदर्शनात मांडलं नव्हतं.)

हो, इगोरोतांना प्रदर्शनात मांडलं होतं. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन भरलं. अमेरिकेने नुकतंच स्पेनकडून फिलिपिन्स घेतलं होतं आणि आपण कुणाला ‘सुधारायला’ निघालोय हे तिथल्या जनतेला दाखवायचं होतं. सुमारे ४७ एकरांवर फिलिपिनी वस्त्या उभ्या केल्या आणि एक हजाराहून जास्त माणसं तिथे आणून ठेवली. सगळ्यात जास्त गर्दी इगोरोत वस्तीपुढे व्हायची, कारण तिथे लंगोट नेसलेली माणसं कुत्रं मारून खाताना दिसायची. कुत्र्याचा बळी हा त्यांच्याकडे विधीचा भाग होता. प्रदर्शनात त्याचा नित्याचा खेळ केला गेला. अमेरिकेत ‘इगोरोत’ म्हणजे काय, हे त्या मैदानावर ठरलं.

त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, आल्बर्ट जेंक्सचं ‘द बोंतोक इगोरोत’ आलं. जाडजूड, सरकारी मानवशास्त्रीय अहवाल. आणि १९०८ मध्ये अमेरिकन प्रशासनाने अख्खा डोंगर ‘माउंटन प्रॉव्हिन्स’ या एका प्रांतात बांधून त्याचे उपप्रांत पाडले: बेंगेट, बोंतोक, इफुगाव, कालिंगा, आपायाव, लेपांतो, आंबुरायान. प्रदर्शन, ग्रंथ, नकाशा, चार-पाच वर्षांत तिन्ही तयार. मी ‘एक जमात’ लिहिलं ते कुठून आलं, हे मला इथे कळलं. माझ्या वाक्याचा पूर्वज एक प्रशासकीय नकाशा होता.

आता १९४३ वर या. कार्लोस रोमुलो, फिलिपिन्सचा मोठा पत्रकार आणि मुत्सद्दी, पुढे १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अध्यक्ष झाला. त्याने ‘मदर अमेरिका’ या पुस्तकात इगोरोत हे फिलिपिनी नाहीत, आपला त्यांच्याशी संबंध नाही, अशा अर्थाचं लिहिलं. अमेरिकन माणूस लंगोटवाल्याचा फोटो बघून सगळ्या फिलिपिनींना तसंच समजतो, याचा त्याला राग होता. राग समजू शकतो. पण उपाय काय केला? ‘हे फोटो का काढले’ असं अमेरिकेला विचारण्याऐवजी ‘फोटोतले ते आमचे नव्हेत’ असं सांगितलं. डोंगरातल्या शिकलेल्या पिढीच्या मनात ते वाक्य किती खोल रुतलं असेल, हे होरांच्या विधेयकाकडे बघून कळतं. पंधरा वर्षांचं अंतर आहे फक्त.

म्हणून मला वाटतं, विधेयक आणि निबंध एकमेकांशी बोलतच नाहीत. होरा म्हणतात, हा शब्द आम्हाला लागतो. स्कॉट म्हणतो, या शब्दाचा जन्म शुद्ध आहे. दोघंही खरं बोलतायत.

तरीसुद्धा हा निबंध वाचाच असं मी म्हणतेय, ते त्याच्या पद्धतीसाठी. स्कॉट शब्दाला वस्तू समजत नाही. कुठल्या शतकात, कुठल्या कागदात, कुणी, डोंगराच्या कुठल्या भागातल्या माणसांना हा शब्द लावला, हे तो शोधत जातो आणि शब्द सरकताना दिसतो. तुम्ही तुमच्या विषयातलं एखादं समूहनाव घ्या आणि वहीत चार रकाने आखा: कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, कधी, आणि ज्यांना म्हटलं ते त्या वेळी स्वतःला काय म्हणत होते. मी हे केलं. चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. स्पॅनिश कागद लिहिणारे पाद्री, सैनिक, अधिकारी. ज्यांचं नाव ठेवलं जातंय त्यांचा आवाज त्यात क्वचितच येतो.

स्कॉटला ही अडचण माहीत होती. १९८२ मध्ये त्याचा लेखसंग्रह आला, ‘क्रॅक्स इन द पार्चमेंट कर्टन’. चर्मपत्राच्या पडद्यातल्या फटी. वसाहतकाळचे कागद हा पडदा, पण त्याला फटी असतात आणि त्यातून मागची माणसं दिसतात. त्यातला ‘द क्रिएशन ऑफ अ कल्चरल मायनॉरिटी’ हा निबंध तर कोर्सवर्कमध्ये सक्तीचा करावा असा आहे. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: डोंगरातले आणि सपाटीवरचे हे आरंभापासून दोन वेगळे लोक नव्हते. स्पॅनिश सत्ता ज्यांच्यावर बसली ते बहुसंख्य ‘फिलिपिनी’ झाले. तीनशेहून जास्त वर्षं जे तिला पुरे पडले नाहीत, ते ‘सांस्कृतिक अल्पसंख्य’ ठरले. म्हणजे जे हरले नाहीत ते मागासलेले. मला वाटतं १९६२ च्या निबंधात जे निसटलं होतं, ते त्याने इथे पकडलं. आधीच्या निबंधात तो शब्द निर्दोष ठरवत होता, इथे तो शब्दामागची उतरंड दाखवतो.

बरं, मग चौथा रकाना भरायचा कसा? ते स्वतःला काय म्हणतात?

उत्तर एक नाही. सगळ्यात आधी गाव येतं, म्हणजे तो ‘इ’, आपला ‘कर’. मग भाषा आणि समूह: इबालोय, कांकानाय, बोंतोक, इफुगाव, कालिंगा, इस्नेग. भाषा नात्यातल्या आहेत पण एक नव्हेत. इफुगाव आणि कालिंगांमधले पुष्कळ जण ‘आम्ही इगोरोत नाही’ असं स्पष्ट सांगतात. कुणी अपमान वाटतो म्हणून, कुणी ‘ते तिकडचे, बेंगेट-बोंतोकचे’ म्हणून. उलट बेंगेट आणि बोंतोककडचे अनेक जण तोच शब्द छाती काढून वापरतात. एकाच घरात दोन मतं असू शकतात.

आणि डोंगर सोडून बाहेर पडलं की चित्र आणखी बदलतं. १९५० च्या सुमारास बागिओ शहरात शिकायला आलेल्या डोंगरी मुलांनी ‘बिबाक’ नावाची संघटना काढली. नाव कशाचं? बेंगेट, इफुगाव, बोंतोक, आपायाव, कालिंगा, यांची आद्याक्षरं. पुढे ‘बिमाक’ हे रूपही आलं, त्यात ‘म’ माउंटन प्रॉव्हिन्सचा. परदेशात गेलेल्यांनी आपल्या मंडळांना हीच नावं दिली. गँग्सा, म्हणजे काशाच्या सपाट थाळ्या, वाजवत, हाताने विणलेली वस्त्रं नेसून नाचणारी ही मंडळं बघितली की वाटतं, किती प्राचीन! पण मंडळाचं नाव बघा. ती अमेरिकन उपप्रांतांची यादी आहे. १९०८ चा नकाशा लोकांनी उचलला आणि त्याचं आपलेपण करून टाकलं. मला हे खोटं वाटत नाही, उलट फार खरं वाटतं. दुसऱ्याने आखलेल्या चौकटीत माणसं संसार थाटतात आणि काही वर्षांनी ते घर त्यांचंच होतं.

डीर्ड्री मॅके या अभ्यासकाचे दोन निबंध इथे उपयोगी पडले. २००६ च्या निबंधात इगोरोत ओळख आणि स्थळ यांच्या नात्याचा नव्याने विचार आहे. २०१० च्या निबंधात समाजमाध्यमांवर स्वतःच्या चेहऱ्याच्या जागी वसाहतकाळातली जुनी छायाचित्रं लावणाऱ्यांचा अभ्यास आहे. विचार करा, ज्या प्रकारच्या फोटोंमुळे रोमुलोला लाज वाटली, तसेच फोटो नातवंडं-पतवंडं ‘हा मी’ म्हणून लावतायत. स्कॉटच्या व्युत्पत्तीने जे झालं नाही ते त्यांनी करून टाकलं. मात्र एक सावधगिरी. असं काही वाचलं की आपल्याला लगेच ‘प्रतिकार’, ‘पुनर्दावा’ असे शब्द लिहायचा मोह होतो. माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये ‘प्रतिकार’ हा शब्द अकरा वेळा आला होता. त्यातल्या काहींना तो फोटो फक्त देखणा वाटला असेल, हे मी धरलंच नव्हतं.

आता जमिनीचा मुद्दा, कारण नावाचा खेळ तिथे खेळ राहत नाही.

१९९७ च्या मूलनिवासी हक्क कायद्यात, म्हणजे प्रजासत्ताक कायदा ८३७१ मध्ये, मूलनिवासी कोण याची व्याख्या आहे. स्वतः तसं म्हणवून घेणं आणि इतरांनीही तसं मानणं, दोन्ही हवं. शिवाय ठरावीक सीमा असलेल्या प्रदेशावर संघटित समाज म्हणून सलग राहिलेलं असणं हवं. म्हणजे कायद्याला नाव हवं आणि नावाला जमीन जोडलेली हवी. ‘डोंगरकर’ चालत नाही, कुठला डोंगर ते सांगावं लागतं.

बागिओ घ्या. ही मूळची इबालोय लोकांची जमीन. मातेओ कारिन्यो या इबालोय माणसाने आपल्या १४६ हेक्टर जमिनीसाठी खटला लढवला, तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०९ मध्ये न्या. होम्स यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. स्मरणापलीकडच्या काळापासून खासगी मालकीने धरलेली जमीन ही कधी सरकारी नव्हतीच असं मानलं पाहिजे, असं ते तत्त्व. १९९७ च्या कायद्यातल्या मूळ मालकीहक्काच्या कल्पनेचं मूळ या निकालात आहे. आणि त्याच कायद्याचं कलम ७८ सांगतं की बागिओ शहराचा कारभार त्याच्या स्वतःच्या सनदेनुसारच चालेल. म्हणजे ज्या मातीतून तत्त्व निघालं, त्या मातीसाठी कायद्याने वेगळी वाट काढून ठेवली! मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा चुकीची प्रत उघडली की काय म्हणून परत तपासलं.

आता बागिओमध्ये राहणारा बोंतोक माणूस बघा. तो मूलनिवासी आहे, इगोरोत आहे, पण बागिओ त्याच्या पूर्वजांची जमीन नाही. ‘बागिओ हे इगोरोतांचं शहर’ असं अभिमानाने म्हटलं की वाक्य रोमुलोला चोख उत्तर देतं, आणि त्याच वेळी इबालोयांचा वेगळा दावा त्यात विरघळून जातो. बाहेरच्याशी भांडताना जे नाव ढाल होतं, तेच घरातल्या वाटणीत झाकण होतं. स्कॉटच्या १९६२ च्या निबंधात हा प्रश्न नाही, आणि तो असण्याची अपेक्षाही करता येत नाही, कायदा पस्तीस वर्षांनी आला. पण आज जो कुणी तो निबंध उद्धृत करून ‘इगोरोत हा शब्द निर्दोष आहे’ असं लिहून पुढे जातो, त्याच्यावर मात्र माझा आक्षेप आहे. असे संदर्भ मी बरेच पाहिले. मीही तसाच देणार होते.

स्वायत्ततेचं मतदान हेच सांगतं. १९८७ मध्ये कार्यकारी आदेशाने कॉर्डिलेरा प्रशासकीय प्रदेश झाला. ३० जानेवारी १९९० ला स्वायत्त प्रदेश हवा का म्हणून मत घेतलं. फक्त इफुगाव प्रांताने होकार दिला, आणि एकट्या प्रांताचा प्रदेश होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. १९९८ मध्ये परत मतदान, पुन्हा नकार. गंमत म्हणजे १९९० मध्ये होकार देणारे इफुगाव हे ‘इगोरोत’ शब्दाला नाक मुरडणाऱ्यांत पुढे! ओळख एकीकडे आणि राजकीय मत दुसरीकडे, असं सरळ चाललंय. मतदान फसलं त्याची इतर कारणंही आहेत, त्यात आज शिरत नाही.

शेवटी माझ्या वाक्याचं काय झालं ते सांगते. ‘जमात’ काढला. मग ‘आदिवासी’पाशी अडले. आपल्याकडे आदिवासी, मूलनिवासी, वनवासी या तीन शब्दांमागे तीन वेगळी राजकारणं उभी आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. फिलिपिन्सच्या कायद्यातल्या संज्ञेसाठी यातला कुठलाही घेतला की आपलं भांडण त्यांच्या डोंगरात नेऊन ठेवल्यासारखं होतं. सध्या मी कायद्याबद्दल लिहिताना ‘मूलनिवासी’ वापरतेय आणि तळटीपेत कारण देतेय. मॅडमना ते पटलेलं नाही. त्या म्हणतात, तळटीप ही लपायची जागा नव्हे.

वाक्य आता असं आहे: ‘उत्तर लुझोनच्या डोंगररांगेत राहणाऱ्या काही समूहांना इतरांनी इगोरोत म्हटलं. त्यातल्या काहींनी ते नाव स्वीकारलं, काहींनी नाकारलं. हा प्रबंध १९०८ ते १९९७ या काळात त्या नावाने जमिनीच्या दाव्यांचं काय झालं ते पाहतो.’ एका ओळीच्या तीन झाल्या. यावेळी पेन्सिलचा गोल ‘काही’भोवती आहे.

पुढच्या पोस्टमध्ये कारिन्यो खटला घेऊ. निकाल छोटा आहे, जमलं तर आधी वाचून या, म्हणजे प्रश्न विचारायला बरं पडेल.